रंग भिंतीवरचा, भांडण आपलं

प्राचीन इजिप्तचे लोक काळे होते की गोरे, हा वाद समाजमाध्यमांवर पेटला की एक चित्र हमखास पुढे येतं. एका रांगेत चार पुरुष उभे आहेत. पहिला तांबूस तपकिरी, कमरेला पांढरं वस्त्र. दुसरा फिकट पिवळसर, टोकदार दाढीचा, कमरेला रंगीबेरंगी वस्त्र. तिसरा काळा. चौथा जवळजवळ पांढरा. डोक्यात पिसं, अंगावर गोंदण, पुढून उघडा लांब झगा. खाली कोणीतरी लिहिलेलं असतं की हा खुद्द इजिप्शियनांनी काढलेला मानवी वंशांचा तक्ता आहे. मग एक बाजू म्हणते, पाहा, ते स्वतःला काळ्यांपासून वेगळे दाखवत होते. दुसरी बाजू रिचर्ड लेप्सियस या जर्मन अभ्यासकाच्या एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथामधलं दुसरं चित्र काढते. त्यात रामसेस तिसऱ्याच्या थडग्यातला इजिप्शियन आणि त्याच्या शेजारचा नुबियन, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडचा माणूस, रंगाने आणि पोशाखाने जवळपास सारखे आहेत. पहिली बाजू म्हणते, ही नक्कल करणाऱ्याची गफलत. दुसरी म्हणते, गफलत नाही, लपवाछपवी. हे रात्रभर चालू शकतं.

माझं मत असं की हा प्रश्न त्या भिंतीला विचारण्यासारखाच नाही. भिंत काही सांगत नाही असं मात्र नाही, ती पुष्कळ सांगते. परक्या माणसाला केव्हा शत्रू म्हणून रंगवायचं, केव्हा पाहुणा म्हणून आणि केव्हा आपलाच माणूस म्हणून, याचा इतका तपशीलवार पुरावा दुसऱ्या फार थोड्या प्राचीन समाजांनी मागे ठेवला आहे. पण आपल्याला हवं असतं कातडीच्या रंगाचं प्रमाणपत्र.

आधी त्या चार माणसांबद्दल. चित्र आहे फारो सेती पहिला याच्या थडग्यातलं. हा राजा इ.स.पू. १२९० च्या सुमारास गादीवर आला. राजांच्या दरीतलं त्याचं थडगं जिओवानी बेल्झोनी या इटालियन माणसाने ऑक्टोबर १८१७ मध्ये उघडलं. बेल्झोनी पूर्वी सर्कशीत ताकदीचे खेळ करायचा. पुरातत्त्वाची सुरुवात अशाच लोकांनी केली, त्याला इलाज नाही. त्याने भिंतींचे ठसे घेतले, जलरंगात नकला करून घेतल्या आणि १८२१ मध्ये लंडनला त्यांचं प्रदर्शन मांडलं. ठसे घेताना मूळ रंगाचं नुकसान झालं ते झालंच. आज आपण जे ‘मूळ’ म्हणून एकमेकांना पाठवतो, ते बहुतेक वेळा अशा जुन्या नकलांवरून छापलेलं असतं. कागद युरोपचा, शाई युरोपची, आणि त्वचेच्या छटा त्या नकलाकाराच्या नजरेला दिसल्या तशा. शिवाय मूळ भिंतीवर माणसं चार नाहीतच. प्रत्येक गटाचे चार, असे सोळा जण आहेत. छापणाऱ्यांनी प्रत्येकातला एक एक उचलला आणि त्याला तक्त्याचं रूप आलं.

आता ते सोळा जण तिथे काय करत आहेत ते पाहू. हा प्रसंग ‘द्वारांचा ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पारलौकिक रचनेतला आहे. सूर्यदेव रात्रीच्या बारा तासांत पाताळातून प्रवास करतो, एकेक दार ओलांडतो आणि पहाटे पुन्हा जन्मतो. पाचव्या तासाला त्याला माणसं भेटतात: इजिप्शियन, पूर्वेकडचे आशियाई, दक्षिणेचे नुबियन, पश्चिमेचे लिबियन. होरस देव त्यांना रा देवाचं गोधन म्हणून हाक मारतो. आशियाई आणि लिबियन यांच्या आत्म्यांचं रक्षण सेखमेत देवी करते, नुबियनांचं खुद्द होरस. थोडक्यात, मेल्यानंतर सगळ्यांना जागा आहे आणि सगळ्यांचा राखणदार ठरलेला आहे. ज्या चित्राच्या आधारे लोक ‘ते आणि आपण’ अशी रेघ मारतात, ते चित्र सगळ्या दिशांची माणसं एकाच सूर्याची आहेत असं सांगण्यासाठी काढलेलं होतं.

शांपोलियोंने, म्हणजे चित्रलिपी उलगडणाऱ्या त्याच फ्रेंच विद्वानाने, १८२९ मध्ये तिथून पाठवलेल्या पत्रात या रांगेचं वर्णन केलं आहे. त्याचा समज झाला की शेवटचे गोरे, पिसं लावलेले, गोंदवलेले लोक म्हणजे युरोपियन. मग त्याने प्रांजळपणे लिहिलं की सांगायला लाज वाटते, पण आपला वंश या रांगेत शेवटचा आणि सर्वात रानटी आहे. ओळख चुकली होती, ते लिबियन होते. पण हे वाचून मला नेहमी गंमत वाटते. तक्ता हातात आला की माणूस आधी त्यात आपली जागा शोधतो, शांपोलियोंसारखा माणूससुद्धा.

याच सेतीने कर्नाकच्या मंदिरात, मोठ्या स्तंभमंडपाच्या उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीवर, आपल्या लढाया कोरून घेतल्या. तिथे हेच लिबियन, हेच आशियाई रथाच्या घोड्यांखाली तुडवले जात आहेत, मुसक्या बांधून देवापुढे ओढले जात आहेत. राजा तोच, परके तेच, काळ तोच. थडग्याची भिंत बंद व्हायची होती, ती देवांनी वाचायची. मंदिराची बाहेरची भिंत जगाला दाखवायची. यातली कुठली भिंत ‘खरं मत’ सांगते? मला विचाराल तर दोन्ही सांगतात, आणि म्हणूनच एकाच भिंतीवरून इजिप्शियनांच्या मनाचा निवाडा करणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

रंगाच्या मुद्द्याकडे येऊ. चित्रकाराच्या पुढ्यात गेरू होता, पिवडी होती, काजळी होती, जिप्समचा पांढरा होता, आणि वाळू, चुना व तांबं भट्टीत भाजून केलेला प्रसिद्ध निळा होता. या मोजक्या रंगांनी दोन-अडीच हजार वर्षं एक ठरलेली रीत पाळली गेली: पुरुषाची कातडी गेरूची, बाईची पिवडीची. मेदुम इथे १८७१ मध्ये सापडलेली राहोतेप आणि नोफ्रेत या दांपत्याची चुनखडीची मूर्ती आज कैरोच्या संग्रहालयात आहे. वय साडेचार हजार वर्षांहून जास्त. नवरा विटकरी तपकिरी, बायको फिकट पिवळी. वंशाच्या चष्म्यातून पाहिलं तर हा आंतरवंशीय विवाह ठरेल, आणि थडग्याथडग्यांतली मुलंमुली अर्धी एका वंशाची, अर्धी दुसऱ्या वंशाची. पुरुष उन्हात राबतो, बाई घरात असते म्हणून हा फरक, असं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. त्यात तथ्य असेलही. पण मुख्य म्हणजे ही खूण होती. लांबून पाहणाऱ्याला कळावं, कोण पुरुष आणि कोण स्त्री. अखेनातेन राजाच्या काळात ही रीत सैल झाली, तेव्हा राजकन्याही तांबूस रंगल्या. म्हणून काय त्या वर्षांत मुली जास्त उन्हात हिंडू लागल्या होत्या?

काळ्या रंगाची गोष्ट तर याहून वेगळी. पुराचा गाळ काळा, आणि धान्य त्या गाळातून उगवतं. म्हणून काळा रंग पुन्हा जन्माचा. मृतांचा देव ओसायरिस कधी काळा, कधी हिरवा. राजा मेंतुहोतेप दुसरा याचा काळ्या कातडीचा बसलेला पुतळा हॉवर्ड कार्टरला १९०० मध्ये देर अल-बहारीला सापडला. तुतनखामुनच्या दफनगृहाच्या दारावरचे दोन रक्षक पुतळेही काळ्या राळेने रंगवलेले आहेत. राणी अहमोस-नेफरतारी मृत्यूनंतर देर अल-मदिनाच्या कारागिरांची देवता झाली. कित्येक चित्रांत ती काळी आहे, तर काहींत फिकट. ती स्वतः कशी दिसत होती ते यावरून कळत नाही, ती त्या लोकांसाठी काय होती ते कळतं. पंढरपूरच्या विठोबाकडे पाहून कुठला वारकरी त्याच्या कातडीवरून त्याचा मुलूख ठरवत बसतो? काळेपण तिथे देवाचं आहे, हे आपल्याला न शिकवता समजतं. मग नाईलकाठच्या देवतेबाबतच आपण का अडखळतो?

इतकं म्हटल्यावर पुढची पायरी मोहाची आहे: रंग म्हणजे निव्वळ संकेत, बाकी सगळे भेद आपल्या डोक्यातले. ही पायरी मी चढणार नाही. इजिप्शियन चित्रकारांनी परक्यांची कातडी जाणूनबुजून वेगळी रंगवली, आणि कातडीबरोबर केस, दाढी, नाक, कानातले डूल, वस्त्राची वीण, हातातलं हत्यार सगळंच टिपलं. बेनी हसनला ख्नुमहोतेप दुसरा या प्रांताधिपतीच्या थडग्यात आशियाईंचा एक तांडा रंगवलेला आहे. काळ सेनुस्रेत दुसरा या राजाचं सहावं वर्ष, म्हणजे इ.स.पू. १८९० च्या आगेमागे. लेखात सदतीस जण आल्याची नोंद आहे, चित्रात पंधरा आहेत. डोळ्यांत घालायचा सुरमा घेऊन आलेत. पुढाऱ्याचं नाव अबिशा. बायकांच्या पायात बंद जोडे, पुरुषांच्या अंगावर नक्षीदार रंगीत वस्त्रं, एकाच्या हातात तंतुवाद्य, गाढवावर पोरं बसवलेली. पुढे इजिप्शियन लेखनिक हातात कागद धरून उभा. कचेरी म्हटली की आधी नोंद, हे तेव्हापासूनचं आहे. या चित्रात तुच्छता शोधून सापडत नाही. वेगळेपणाचं कुतूहल आहे, आणि सुरमा मिळाल्याचं समाधान.

वजीर रेखमिरेच्या थडग्यात तर पुंत, क्रीट, नुबिया, सीरिया असा सगळा भूगोल नजराणे घेऊन ओळीने चालला आहे. क्रीटचे लोक तिथे इजिप्शियनांइतकेच तांबूस आहेत. ओळखायचं ते लांब बटांवरून आणि कमरेच्या वस्त्रावरून. गमतीची गोष्ट म्हणजे ती वस्त्रं आधी एका पद्धतीची रंगवली होती आणि मग पुसून दुसऱ्या पद्धतीची केली. रंगाच्या थराखाली जुनी रेषा अभ्यासकांना दिसली. क्रीटहून नवे लोक आले असतील, त्यांची फॅशन बदललेली दिसली असेल, आणि कोणीतरी म्हणालं असेल, दुरुस्त करा. कातडीचा रंग कोणी दुरुस्त केला नाही. कपडा मात्र केला. ओळख कुठे होती, ते मला इथे दिसतं.

दक्षिणेच्या लोकांच्या रांगा रंगवताना एक काळा, एक तपकिरी, पुन्हा काळा असंही केलेलं आढळतं. एकामागे एक उभ्या माणसांच्या कडा वेगळ्या दिसाव्यात म्हणून ही सोय, आणि नुबियात दोन्ही छटांची माणसं असतातच, म्हणून ती खोटीही नव्हे. अशी रांग पाहून ‘इथे दोन वंश आहेत’ असं लिहिणारे विद्वानही होऊन गेले.

तरीही राज्य जेव्हा बोलतं तेव्हा त्याचा सूर वेगळा असतो, आणि तो सूर कडू आहे. नार्मर राजाच्या कोरीव पाटीपासून, म्हणजे इ.स.पू. ३१०० च्या सुमारापासून, राजा शत्रूचे केस धरून गदा उगारतो आहे. अधिकृत लेखांत नुबियातल्या कुश देशाचं नाव आलं की त्याला ‘दळभद्री’ हे विशेषण चिकटलेलंच. सेनुस्रेत तिसऱ्याने नाईलच्या दुसऱ्या धबधब्यापाशी सेम्ना इथे उभारलेल्या शिलालेखात नुबियन लोक मान देण्याजोगे नाहीत, काळजाने भित्रे आहेत असं कोरलं आहे. त्याच्याच आठव्या वर्षाच्या लेखात नुबियनांना सरहद्दीच्या उत्तरेला यायला बंदी आहे. सूट फक्त व्यापारासाठी येणाऱ्याला किंवा निरोप घेऊन येणाऱ्याला. म्हणजे माल चालेल, माणूस नको. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचा हा हुकूम आजच्या कुठल्याही विमानतळावर शोभून दिसेल. तुतनखामुनच्या चपलांच्या तळव्यांवर बांधलेले परके रंगवले आहेत, म्हणजे राजा चालला की पावलागणिक शत्रू चिरडला जावा. त्याच्या एका काठीची मूठ पाठीला पाठ लावलेल्या दोन बंदिवानांची आहे: आशियाई हस्तिदंताचा, नुबियन शिसवी काळ्या लाकडाचा. कारागिरी अप्रतिम, हेतू अपमानाचा. ‘प्राचीन काळी वंशभेद नव्हता’ असं गोड बोलणाऱ्यांनी ती काठी एकदा पाहावी.

पण ही तुच्छता एका साच्यातून निघालेली होती, आणि साचा होता म्हणजे काय, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही: पाचव्या घराण्यातल्या साहुरे राजाच्या मंदिरात, इ.स.पू. २४८० च्या आसपास, पराभूत लिबियन सरदाराचं कुटुंब कोरलं आहे. बायको आणि दोन मुलगे, तिघांची नावं दिलेली. पुढे पेपी दुसऱ्याच्या मंदिरात हाच प्रसंग पुन्हा येतो. तीच बायको, तेच मुलगे, तीच नावं. आणि मग, साहुरेनंतर सुमारे अठराशे वर्षांनी, ताहार्का राजाच्या कावा इथल्या मंदिरात पुन्हा एकदा तेच कुटुंब रडतंय. कुणीही नव्याने लढाई केली असो वा नसो, राजा म्हटला की लिबियन कुटुंबाने शरण यायचंच. त्या बाईला बातमीत काही स्थान नव्हतं. ती भिंतीच्या सजावटीचा भाग होती. अशा भिंतीवरून लिबियन माणसाच्या कातडीची छटा मोजणं म्हणजे पंचांगावरच्या राजाच्या चित्रावरून त्याची उंची काढणं.

आणि ताहार्का कोण होता? नुबियन. ‘दळभद्री’ कुशचा. पंचविसावं घराणं कुशचं होतं, आणि इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकात त्यांनी इजिप्तवर राज्य केलं. या लोकांनी इजिप्तचं सगळं उचललं, परक्याला तुडवायच्या चित्रासकट. घराण्याचा मोठा विजेता पिये याचा जेबेल बर्कलचा शिलालेख वाचावा. उत्तरेचे इजिप्शियन सरदार शरण आले तेव्हा त्याने त्यांना राजवाड्यात पाऊल ठेवू दिलं नाही. कारण? ते सुंता न केलेले होते आणि मासे खात होते. एकट्या निम्लोतला आत घेतलं, कारण तो शुद्ध होता, मासे खात नव्हता. दक्षिणेचा काळा राजा नाईलच्या मुखाकडच्या सरदारांना सोवळं-ओवळं शिकवतो आहे. आता सांगा, यात इजिप्शियन कोण आणि परका कोण?

या सगळ्या प्रकरणात माझा सर्वात आवडता माणूस हेकानेफेर. तुतनखामुनच्या वेळी हुय नावाचा अधिकारी कुशचा सुभेदार होता. थीब्जच्या पश्चिमेला कुर्नेत मुराईवर त्याचं थडगं आहे. त्यात नुबियाचे मांडलिक खंडणी घेऊन येतात: सोन्याच्या कड्या, कातडी, बैल, बैलांच्या गाडीत बसलेली एक राजकन्या. सर्वात पुढे नुबियातल्या मियामचा राजपुत्र हेकानेफेर गुडघे टेकून मुजरा करतो आहे. डोक्यात पीस, अंगावर नुबियन साज. परका कसा असावा त्याचा नमुना.

हेकानेफेरचं स्वतःचं थडगं नुबियात तोश्का इथे सापडलं. अस्वानच्या मोठ्या धरणाखाली सगळं जायच्या आधी अमेरिकन विद्यापीठांच्या मोहिमेने तिथे घाईने काम केलं. तिथे तो संपूर्ण इजिप्शियन पद्धतीचा अधिकारी आहे. थडग्याची घडण इजिप्शियन, लेख इजिप्शियन, पदव्या इजिप्शियन, पोशाख इजिप्शियन. दोन्हीकडे माणूस एकच. हुयला आपल्या थडग्यात मांडलिक हवा होता, तो मिळाला. हेकानेफेरला आपल्या थडग्यात सरदार हवा होता, तोही मिळाला. यातला खरा कोणता, असं विचारणाऱ्याला मी विचारीन की तुमच्या कचेरीतल्या ओळखपत्रावरचे तुम्ही खरे की लग्नाच्या फोटोतले. चित्राला पैसे कोणी दिले आणि ते कुठे लागणार होतं, हे न विचारता रंगाकडे गेलात की फसलात.

असे आणखी आहेत. गेबेलैनचा नेनू हा नुबियन धनुर्धारी इजिप्शियन सैन्यात चाकरीला होता. त्याची स्मृतिशिला आता बोस्टनला आहे. तो बायकोपेक्षा गडद, कमरेला नुबियन पट्टा, आणि लेखात मात्र चारचौघांसारखी इजिप्शियन प्रार्थना. अमार्नाचा एक सीरियन सैनिक आपल्या दाढीसकट आपल्याच पद्धतीने नळीने बीअर पीत बसलेला कोरला आहे. मैहेरप्री राजवाड्यातल्या मुलांबरोबर वाढला, राजाचा पंखाधारी झाला आणि त्याला थेट राजांच्या दरीत पुरलं. १८९९ मध्ये त्याचं थडगं सापडलं. त्याच्या मृतांच्या पोथीत तो चांगला गडद रंगवलेला आहे, अंगावर पांढरंशुभ्र इजिप्शियन वस्त्र. चित्रकाराने ठरलेला गेरू वापरला नाही. मैहेरप्रीला तो लपवायचा नव्हता, आणि त्याच्या रंगामुळे त्याची जागाही गेली नाही. हे मला कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त शिकवतं.

मग वंशाचा तक्ता आला कुठून? अमेरिकेतून, कापसाच्या मळ्यांच्या काळात. १८४४ मध्ये फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने इजिप्शियन कवट्या मोजून ग्रंथ लिहिला. कवट्या पुरवणारा होता जॉर्ज ग्लिडन, कैरोतला अमेरिकेचा माजी उपवाणिज्यदूत, जो गावोगाव तिकीट लावून ममी उघडून दाखवायचा. १८५० मध्ये बोस्टनला त्याने पुजाऱ्याची कन्या म्हणून जाहिरात केलेली ममी उघडली तर आतून पुरुष निघाला. या विद्वानाने जोसाया नॉट या अलाबामाच्या डॉक्टरला हाताशी धरून १८५४ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला. इजिप्तच्या भिंतींवरची डोकी त्यात ओळीने छापली आणि निष्कर्ष काढला की वंश पहिल्यापासून वेगळे आहेत, कधी बदलत नाहीत, आणि काळा माणूस तेव्हाही गुलाम होता. गुलामगिरीला हा पुरावा हवाच होता. त्यांना फक्त भिंतीवरचा बांधलेला नुबियन दिसला.

त्याच वर्षी फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या वक्त्याने ओहायोच्या एका महाविद्यालयात त्यांना उत्तर दिलं. डग्लसने पुढच्या वर्षी आत्मचरित्रात लिहिलं की मानववंशावरच्या एका इंग्रजी ग्रंथात रामसेसच्या पुतळ्याचं जे चित्र आहे, त्यात त्याला आपली आई दिसते. आई त्याच्या बालपणीच गेली होती. तिचा फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता. हा पुरावा म्हणून टिकणार नाही, आणि त्याने तो पुरावा म्हणून दिलेलाही नाही. पण आफ्रिकन वंशाचे लोक इजिप्तकडे इतक्या ओढीने का पाहतात, हे ज्याला समजत नसेल त्याने ते पान वाचावं.

पुढे फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १८८६-८७ मध्ये मंदिरांतून फिरून परक्यांच्या डोक्यांचे ठसे आणि फोटो वंशांचा संग्रह म्हणून गोळा केले. मोजपट्टीचं हे शास्त्र दूरवर पोचलं. आपल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला ऑयगेन फिशरकडे शिकायला गेल्या. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे अशी गुरूची धारणा होती, आणि कर्व्यांच्या मोजणीत तो संबंध निघाला नाही. तसं त्यांनी प्रबंधात लिहिलं. पुढे त्यांनीही महाराष्ट्रातल्या जातीजमातींची मोजमापं घेतली, हेही सांगायला हवं. शास्त्राची पकड अशी एका प्रबंधाने सुटत नाही.

म्हणूनच आजच्या वादात मी दोन्ही बाजूंना एका मापाने मोजत नाही. सेनेगलचे शेख अंता दियोप यांनी १९५४ पासून मांडलेलं आणि १९७४ मध्ये कैरोत युनेस्कोच्या परिषदेत लढवलेलं मत, की प्राचीन इजिप्त ही काळ्यांची संस्कृती, मला त्या स्वरूपात पटत नाही. अस्वानपासून भूमध्य समुद्रापर्यंत हजारभर किलोमीटरच्या खोऱ्यात रंग आजही गावागणिक हळूहळू बदलतो. तिथे ‘काळे’ किंवा ‘गोरे’ हा एकच शिक्का लागणार नाही. पण दियोप ज्याला उत्तर देत होते, त्या गोऱ्या इजिप्तच्या मागे विद्यापीठं होती, संग्रहालयं होती, गुलामांचा बाजार होता. इजिप्त आफ्रिकेत आहे हे जगाला आठवून द्यावं लागलं, आणि ते काम दियोप यांच्यासारख्यांनी केलं. उत्तर ताणलेलं आहे म्हणून प्रश्न खोटा होत नाही.

तिसरी बाजू आहे खुद्द आजच्या इजिप्तच्या सरकारची. २०२३ मध्ये क्लिओपात्रावरच्या एका माहितीपटमालिकेत तिची भूमिका काळ्या अभिनेत्रीला दिली, तेव्हा पुरातत्त्व खात्याने तत्परतेने निवेदन काढलं की ती गोऱ्या कातडीची आणि ग्रीक चेहऱ्याची होती. क्लिओपात्रा मॅसिडोनियन घराण्यातली, हे बरोबर. पण सरकारी खात्याने राणीच्या कातडीची छटा जाहीर करावी, हे नॉट-ग्लिडनच्याच मैदानात उतरणं झालं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयाने काळ्या संगीतकारांच्या कल्पनेतलं इजिप्त दाखवणारं प्रदर्शन मांडलं, तर त्यांच्या पथकाला सक्काऱ्यातल्या उत्खननाची परवानगी नाकारण्यात आली. लोकांनी इजिप्तची कल्पना कशी केली याचा इतिहास मांडणंसुद्धा इतिहासाचं खोटीकरण ठरलं.

माझी अपेक्षा लहान आहे. शाळेच्या पुस्तकांनी आणि संग्रहालयांनी ते चार माणसांचं चित्र वंशतक्ता म्हणून दाखवणं थांबवावं. दाखवायचंच तर सोळाही जण दाखवावेत, वर सूर्याची नाव आणि होरसचे शब्द दाखवावेत, आणि शेजारी कर्नाकची तीच माणसं मुसक्या बांधलेली. हुयच्या थडग्यातला हेकानेफेर लावला तर तोश्काचाही सांगावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिझाचं भव्य संग्रहालय थाटात उघडलं, आणि तुतनखामुनचा सगळा ठेवा आता तिथे एकत्र आहे. ती काठी, त्या चपला कोट्यवधी लोक पाहतील. तिथे लिहिलेल्या दोन ओळींना शंभर लेखांपेक्षा जास्त वजन असणार आहे.

आणि नुबियनांबद्दल बोलायचं तर जिवंत नुबियनांबद्दलही बोलावं. धरणाच्या पाण्याखाली तोश्का गेलं, सेम्ना गेलं, आणि १९६३-६४ मध्ये इजिप्तच्या बाजूचे सुमारे पन्नास हजार नुबियन उचलून कोम ओम्बोजवळच्या वसाहतींत नेऊन ठेवले गेले, नदीपासून दूर. कैरोच्या रंगभूमीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तोंडाला काळं फासून नुबियन नोकर रंगवण्याची परंपरा होती, लोकप्रिय होती. २०१४ च्या राज्यघटनेच्या कलम २३६ ने नुबियनांना दहा वर्षांत त्यांच्या मूळ प्रदेशात परत वसवण्याचं वचन दिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अध्यक्षांच्या आदेशाने सरहद्दीलगतची त्यांची कित्येक गावं लष्करी क्षेत्रात घातली गेली. दहा वर्षांची मुदत २०२४ मध्ये उलटली. क्लिओपात्राच्या कातडीवर काही दिवसांत निवेदन काढणाऱ्या सरकारला या वचनासाठी अजून सवड झालेली नाही.